पाना कोणाच्या हाती?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की आम्ही कंत्राटी कामगारांवर बोलू, किंवा फार तर किमान वेतनावर. आम्ही परदेशी सायकल शर्यतीतल्या हँडलाचे नाव सांगितले. त्यांनी ते दोनदा विचारून घेतले, आणि तिसऱ्यांदा विचारणे बरे दिसणार नाही म्हणून छापून टाकले. तेव्हा आरंभीच खुलासा करतो. आम्ही विषय बदललेला नाही. हत्यार आणि ते चालवणारा देह यांचा हिशेब हाच आमचा धंदा आहे. पगाराच्या शर्यतीत उतरणारा सायकलपटू हाही हत्यार चालवून पोट भरणारा माणूस आहे, आणि त्याच्या हत्याराची उंची हा त्याच्या कामाच्या अटींचा भाग आहे, एवढेच आज मांडायचे आहे.

आम्ही सायकल शिकलो ती भाड्याच्या सायकलीवर, तासाच्या बोलीने. सायकल मोठ्या माणसाची, आम्ही दहा वर्षांचे. सीटवर बसलो तर पाय पायडलला पोचत नसत. म्हणून मधल्या दांडीखालून पाय घालून, अंग एका बाजूला मुरडून, अर्धे अर्धे पायडल मारीत आम्ही गावभर फिरलो. त्याला कैची म्हणत. आपणांपैकी पुष्कळांनी ती केली असेल. यंत्र माणसाच्या मापाचे नसले म्हणजे माणूस यंत्राच्या मापाचा होतो, हा धडा आम्हांला शाळेत कोणी शिकवला नाही. तो त्या दांडीने शिकवला. पुढे एका कारखान्यात कामाला लागलो, तेव्हा तिथली टेबले इतकी उंच होती की बायका खोकी उलटी घालून त्यांवर उभ्या राहून काम करीत. पायाखाली पक्क्या फळ्या द्या, ही आमच्या पहिल्या मागणीपत्रातली एक मागणी होती. तिला व्यवस्थापनाचे उत्तर आले की टेबले अशीच येतात.

आता शर्यतीच्या सायकलीकडे वळू. आपल्या दूधवाल्याची किंवा पोस्टमनची काळी सायकल डोळ्यांसमोर आणा. तिचे हँडल सीटच्या वर असते आणि स्वार पाठ ताठ ठेवून बसतो. शर्यतीच्या सायकलीचे हँडल सीटच्या खाली असते. सीटच्या माथ्यापासून हँडलच्या माथ्यापर्यंतचे जे उभे अंतर, त्याला आज आपण ‘उतार’ म्हणू. व्यावसायिक सायकलपटूच्या सायकलीत हा उतार दहा-बारा सेंटीमीटर सर्रास आढळतो, आणि उंच माणसाच्या सायकलीत त्याहूनही जास्त. बारा सेंटीमीटर म्हणजे वीतभरही नाही, असे आपण म्हणाल. पण हात आणखी खालच्या वळणावर गेले, की कंबर दुमडते, मान मागे मोडते, गुडघा छातीकडे येतो. अशा स्थितीत रोज पाच-पाच तास काढायचे असतात. मिनिटाला नव्वद फेरे धरले, तर पाच तासांत पायडलचे सत्तावीस हजार फेरे होतात. आमच्या कारखान्यात दिवसाला सत्तावीस हजार वेळा एकच हालचाल करायला लावली असती, तर आम्ही फाटकावर सभा घेतली असती.

मग हा माणूस एवढा वाकतो कशासाठी? वाऱ्यासाठी. सपाट रस्त्यावर ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराच्या कष्टाचा फार मोठा वाटा, शंभरात ऐंशीच्या पुढे, केवळ हवा बाजूला सारण्यात जातो. आणि हवेचा जाच वेगाच्या प्रमाणात वाढत नाही. हवेविरुद्ध लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. म्हणजे वेग दहा टक्क्यांनी वाढवायचा तर तेहतीस टक्के जास्त शक्ती हवी. त्यातही सायकलीला अडणारा वारा थोडा. जवळजवळ तीन-चतुर्थांश वारा अडतो तो स्वाराच्या अंगाला. तेव्हा सायकल कितीही गुळगुळीत केली तरी मुख्य अडथळा बसणारा माणूसच. त्याने छाती खाली घातली, खांदे आवळले, की वाऱ्यापुढचे अंग लहान होते आणि तेवढ्याच घामात जास्त अंतर कापले जाते. यात लबाडी नाही, अंधश्रद्धा नाही. हे पदार्थविज्ञान आहे.

त्याचा पुरावा जगाने एकदा डोळ्यांनी पाहिला. २३ जुलै १९८९ रोजी टूर द फ्रान्सचा शेवटचा टप्पा होता, व्हर्सायहून पॅरिसपर्यंत साडेचोवीस किलोमीटर, ज्याने त्याने एकट्याने घड्याळाविरुद्ध धावायचे. फ्रान्सचा लोराँ फिन्यों पन्नास सेकंदांनी पुढे होता. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने हँडलावर पुढे काढलेल्या दोन दांड्या बसवल्या होत्या, कोपरे जवळ आणि हात पुढे, पाण्यात सूर मारणाऱ्यासारखे. तीन आठवडे आणि तीन हजारांवर किलोमीटर धावून झाल्यावर लेमाँड आठ सेकंदांनी जिंकला. त्या आठ सेकंदांत दांड्यांचा वाटा किती, टोपाचा किती आणि फिन्योंच्या बैठकीच्या जागी झालेल्या जखमेचा किती, हे वेगळे काढता येत नाही. पण त्या दिवसानंतर शर्यतीच्या धंद्यात कोणाला सांगावे लागले नाही की बसण्याची ढब म्हणजे पैसा.

आणि जिथे ढब म्हणजे पैसा, तिथे ढबीची किंमत कोणी तरी भरतो. ती कोण भरतो ते पाहू.

नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१० साली एक पाहणी प्रसिद्ध केली. सात व्यावसायिक संघांतल्या एकशेनऊ सायकलपटूंना त्यांनी वर्षभरातल्या दुखण्यांविषयी विचारले. शंभरातल्या अठ्ठावन्न जणांना त्या बारा महिन्यांत कंबरदुखी झालेली होती. वैद्याकडे जावे लागले अशी अतिश्रमाची चौऱ्याण्णव दुखणी नोंदली गेली. त्यांतली पंचेचाळीस टक्के कमरेची आणि तेवीस टक्के गुडघ्याची. पण आमचे लक्ष गेले ते दुसऱ्या आकड्याकडे. चौऱ्याण्णवांपैकी फक्त तेवीस दुखण्यांपायी कामात खाडा पडला. बाकीची माणसे दुखणे घेऊन सायकलीवर बसली. गिरणीत आणि फौंड्रीत आम्ही हेच पाहत आलो. हजेरीपटावर दुखणे दिसत नाही. ते हजर कामगाराच्या अंगात असते. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की कंबरदुखीचा सगळा दोष हँडलावर टाकता येत नाही. वर्षाला तीस हजार किलोमीटरांच्या आसपास सायकल चालवणाऱ्याची कंबर ताठ बसूनही दुखेल. पण वाकलेली कंबर तेवढे ओझे अधिक वाईट रीतीने वाहते, हे हमालसुद्धा सांगेल.

दुसरे दुखणे अधिक गूढ आहे. पोटातून जांघेमार्गे पायाकडे रक्त नेणारी मोठी धमनी असते. मांडी छातीकडे खोल दुमडून वर्षानुवर्षे लाखो फेरे मारले, की काही जणांत ती धमनी मुडपते, तिची भिंत आतून जाड होते, आणि ऐन जोर लावण्याच्या वेळी पायाला रक्त पुरत नाही. पाय जड होतो, जळतो, बधिर होतो. आणि विसावा घेतला की सारे ठीक. त्यामुळे निदान व्हायला कित्येकदा वर्षे जातात, आणि तोवर गडी कच खातो असा बोल त्याच्या माथी येतो. २०१५ ची स्पेनची मोठी शर्यत जिंकणारा इटलीचा फाबिओ आरू याच्यावर याच धमनीची शस्त्रक्रिया २०१९ साली झाली. फ्रान्सच्या पोलीन फेराँ-प्रेव्हो यांच्यावरही त्याच वर्षी झाली. त्या सावरल्या आणि २०२५ ची स्त्रियांची टूर द फ्रान्स जिंकल्या. प्रत्येकाच्या धमनीचा आजार ढबीमुळेच होतो असे कोणी म्हणू नये. पण खोल वाकणे हे त्याच्या कारणांपैकी एक मानले जाते. यांशिवाय हाताच्या तळव्यातली दबलेली शीर, बधिर झालेली करंगळी, आणि कटी पुढे कलल्यामुळे हाडांवरचा भार नाजूक जागी येऊन होणाऱ्या जखमा. या शेवटच्या गोष्टीविषयी, विशेषतः स्त्री-सायकलपटूंत, फार दिवस कोणी तोंड उघडीत नव्हते.

आता आमचे काही तरुण मित्र म्हणतील, साहेब, यात मालकाचा जुलूम कुठे आला? हँडल खाली करा म्हणून सायकलपटूच मेकॅनिकच्या मागे लागतो. हे खरे आहे, आणि या प्रश्नाला बगल देऊन हा विषय मांडता येणार नाही.

पॉवर प्रेसला दोन बटणे असतात. दोन्ही हात दोन बटणांवर असल्याखेरीज ठोका पडू नये, म्हणजे हात साच्यात सापडू नये, ही त्यातली युक्ती. उक्त्या दराने काम करणाऱ्या खात्यात आम्ही गेलो, की एका बटणात चिंधी कोंबून ते कायमचे दाबून ठेवलेले सापडे. ती चिंधी मालकाने कोंबलेली नसे. कामगाराने कोंबलेली असे. मालक हात वर करून म्हणे, आम्ही तर सुरक्षेची सोय दिली. कामगार म्हणे, दोन हातांनी केले तर नग भरत नाहीत. आम्ही तरुणपणी त्या कामगारावर रागावत असू. पुढे उमजले की चिंधी कोणाच्याही हाताने कोंबली गेली असली, तरी ती कोंबायला लावणारा नगाचा दर आहे. सायकलपटूच्या हँडलाचे तेच आहे. शेजारचा गडी एक सेंटीमीटर खाली गेला, तर यालाही जावे लागते; दोघेही खाली गेल्यावर दोघांत कोणी पुढे राहत नाही, फक्त दोन कंबरा अधिक वाकतात. करार एक-दोन वर्षांचा, पुढचा करार निकालावर. अशा ठिकाणी ‘स्वेच्छा’ हा शब्द जपून वापरावा.

मग हे आवरायचे कोणी? नियमाने, असे उत्तर येते. नियमांची कथाही ऐकण्यासारखी आहे.

स्कॉटलंडचा ग्रेम ओब्री हा धनिकाचा मुलगा नव्हे. त्याचे सायकलीचे दुकान बुडाले होते. त्याने स्वतःच्या हाताने एक सायकल बनवली आणि तिच्यात कपडे धुण्याच्या यंत्राचे बेअरिंग घातले. हँडल असे, की हात छातीखाली दुमडून जावेत आणि कोपरे बरगड्यांना चिकटावीत. १७ जुलै १९९३ रोजी नॉर्वेतल्या हामार येथे त्याने एका तासात ५१.५९६ किलोमीटर कापून जागतिक उच्चांक केला. सहाच दिवसांनी इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमनने तो मोडला, आणि १९९४ च्या एप्रिलमध्ये ओब्रीने पुन्हा आपल्याकडे घेतला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय सायकल संघाने ती ढब बंद केली, आणि सिसिलीतल्या जागतिक स्पर्धेत ऐन शर्यतीच्या तोंडावर तिच्या आड येणारा अर्थ लावून त्याला बाद केले. ओब्री घरी बसला नाही. त्याने हात पूर्ण पुढे ताणलेली दुसरी ढब काढली आणि तिच्यावर १९९५ साली बोगोटा येथे जगज्जेतेपद मिळवले. १९९६ मध्ये बोर्डमनने त्याच ढबीने तासात ५६.३७५ किलोमीटर कापले. तीही ढब बंद झाली.

त्याच १९९६ साली, ऑक्टोबरात, स्वित्झर्लंडमधल्या लुगानो येथे आंतरराष्ट्रीय संघाने एक सनद काढली. यंत्रापेक्षा माणूस श्रेष्ठ, हे तिचे सूत्र. हे वाचून आमच्यासारख्या माणसाला टाळी वाजवावीशी वाटते. पण सूत्राखालचे नियम पाहिले की हात थबकतो. ते मोजतात नळीची जाडी, सीटची जागा, हँडलाची लांबी. माणसाची पाठ, माणसाचा खांदा, माणसाची मांडी मोजण्याची पट्टी त्यांत नाही. माणूस श्रेष्ठ खरा, पण मोजमाप यंत्राचे.

ताजे उदाहरण घ्या. गेल्या काही वर्षांत सायकलपटू वाकून थांबले नाहीत. ते अरुंदही होऊ लागले. हँडल आखूड केले की खांदे मिटतात आणि वारा कमी लागतो. ब्रेकच्या मुठीही आतल्या बाजूला वळवल्या जाऊ लागल्या. १ एप्रिल २०२१ पासून उतारावर वरच्या नळीवर बसणे आणि हँडलावर नुसते मनगटाजवळचे हात टेकून धावणे बंद झाले. २०२४ च्या आरंभापासून मुठी वळवण्याला मर्यादा आली. आणि १ जानेवारी २०२६ पासून रस्त्याच्या शर्यतीत हँडल बाहेरून बाहेरपर्यंत किमान चारशे मिलिमीटर रुंद हवे असा नियम झाला. हेतू सुरक्षेचा सांगितला गेला, आणि अरुंद हँडलावर ताबा कमी राहतो ही भीती अगदीच पोकळ नाही. पण मूळ प्रस्तावात दोन मुठींमधले आतले अंतरही किमान तीनशेवीस ठेवले होते. तेव्हा ओरड झाली: ज्या बाईचे खांदेच अरुंद आहेत तिने काय करायचे? तिला हे हँडल म्हणजे आमची कैची! टीकेनंतर ते अंतर दोनशेऐंशीवर आणले गेले. चारशेचा आकडा मात्र राहिला. एकाच मापाची चप्पल सगळ्या गावाला घालायला लावली, तर तिला समतेचा कायदा म्हणता येत नाही.

दोष एकट्या नियमाचा नाही, कारखान्याचाही आहे. पूर्वी पोलादी नळ्या जोडून फ्रेम बनवीत, तेव्हा चांगला कारागीर माणसाचे माप घेऊन ती बनवी आणि एकेका सेंटीमीटरच्या फरकाने मापे मिळत. १९९० नंतरच्या दशकात वरची नळी मागे उतरती केलेली आटोपशीर फ्रेम आली. तिचा रचनाकार माइक बरोज हा कुशल माणूस होता, आणि फ्रेम हलकी व ताठ होती हेही खरे. पण कारखान्याला त्यातला मोठा लाभ असा, की लहान, मध्यम, मोठे एवढ्या मोजक्या मापांत सगळे गिऱ्हाईक बसवता आले; उरलेली तफावत सीटचा दांडा वरखाली करून आणि हँडल धरणारा आडवा तुकडा, ज्याला स्टेम म्हणतात, तो आखूड-लांब करून भरून काढायची. पुढे कार्बनच्या फ्रेमी आल्या. त्या साच्यातून निघतात, आणि प्रत्येक मापाला निराळा साचा लागतो. म्हणून आज व्यावसायिक सायकलपटू पुष्कळदा आपल्या मापाहून लहान फ्रेम घेतो, तिला लांब आणि खाली झुकलेला स्टेम लावतो, आणि मग आपल्याला चित्रांत दिसतो तो आकाशात गेलेला सीटचा दांडा आणि पाताळात गेलेले हँडल. ते चित्र मोठे ऐटदार दिसते. त्या ऐटीत काही भाग वाऱ्याचा आहे, काही भाग साच्यांच्या काटकसरीचा.

इथे आम्हांला एडी मर्क्सची आठवण होते. बेल्जियमचा हा सायकलपटू पाच वेळा टूर द फ्रान्स जिंकला. १९६९ च्या सप्टेंबरात फ्रान्समधल्या ब्ल्वा येथे मोटारसायकलीच्या मागून धावण्याच्या शर्यतीत अपघात झाला. त्याच्या पुढची गाडी चालवणारा जागीच मेला आणि मर्क्सच्या कटीला व पाठीला इजा झाली. त्यानंतर तो आयुष्यात पुन्हा सुखाने सायकलीवर बसला नाही. सीट सारखी वर-खाली करी. जवळ पाना बाळगी, आणि धावत्या शर्यतीत सायकलीवरूनच सीटची उंची बदली. लोक त्याच्या या खोडीची थट्टा करीत. आम्हांला त्यात थट्टेचे काही दिसत नाही. जगातल्या सर्वांत मोठ्या सायकलपटूला आपले दुखणे आपल्या हाताने अर्धा सेंटीमीटर हलवण्याचा अधिकार होता, कारण पाना त्याच्या हाती होता. १९७२ साली मेक्सिकोत तासाचा उच्चांक करताना तो ४९.४३१ किलोमीटर धावला तो याच पाठीवर.

आजच्या शर्यतीच्या सायकलीत हँडल आणि स्टेम पुष्कळदा एकजीव, एकाच साच्यातून निघालेले असते आणि ब्रेकच्या तेलाच्या नळ्या त्याच्या पोटातून जातात. तेवढाच वारा कमी! पण एक सेंटीमीटर आखूड स्टेम हवा झाला, तर सगळा जोडच बदलावा लागतो, नळ्या सोडवाव्या लागतात, तेल पुन्हा भरावे लागते. संघाजवळ मेकॅनिक असतो, त्याचे भागते. पण ‘आज कंबर धरली आहे, हँडल थोडे वर घे’ हे म्हणणे पूर्वी पाच मिनिटांचे काम होते, ते आता अर्ज करण्याचे काम झाले. कामगाराच्या हातून पाना जातो, तो नेहमी असाच प्रगतीच्या वाटेने जातो.

या माणसांना संघटना नाही काय? आहे, आणि त्यांच्यात एकजुटीची परंपराही आहे. १९२४ च्या टूरमध्ये पेलिसिए बंधूंनी अंगावरच्या जर्सींच्या एका क्षुल्लक नियमावरून कुताँस गावी शर्यत सोडली, आणि आपल्या हालांचे गाऱ्हाणे आल्बेर लोंद्र या पत्रकारासमोर मांडले. तो नुकताच गयानाच्या काळ्या पाण्यावर लिहून आला होता. सायकलपटूंना ‘रस्त्यावरचे कैदी’ हे बिरुद तेव्हापासून चिकटले. १९७८ साली एका दिवसात दोन टप्पे धावायला लावले म्हणून सारे सायकलपटू व्हालाँस दाजाँ गावात सायकली हातात धरून शेवटच्या रेषेपर्यंत पायी चालत गेले. पुढे होता तरुण बर्नार हिनो. सायकलपटूंची आंतरराष्ट्रीय संघटना १९९९ साली झाली, आणि स्त्री-सायकलपटूंनी २०१७ मध्ये आपली निराळी संघटना काढली. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. कामाचे तास, वाईट रस्ते, अवेळी प्रवास यांवर सगळे एक होतात, कारण ते सगळ्यांना सारखे जाचतात. हँडलावर एक होत नाहीत, कारण हँडल हे एकमेकांविरुद्धचे हत्यार आहे. संघटनेची खरी परीक्षा पहिल्या प्रकारच्या मागण्यांत नसते, दुसऱ्या प्रकारच्या मागण्यांत असते.

गंमत अशी की २०२३ पासून त्या संघटनेच्या अध्यक्षपदी आलेला ऑस्ट्रेलियाचा अॅडम हॅन्सन हा स्वतः अरुंद हँडल, लांब क्रँक आणि स्वतःच्या हाताने घडवलेले कार्बनचे बूट यांसाठी ओळखला जाई. २०११ ते २०१८ या काळात तीन-तीन आठवड्यांच्या वीस मोठ्या शर्यती त्याने ओळीने पुऱ्या केल्या. आम्ही त्याला ढोंगी म्हणणार नाही. उलट आम्हांला त्यात एक गोष्ट शिकण्यासारखी दिसते. त्याची ढब विचित्र होती, पण ती त्याची होती. त्याने आपल्या अंगावर प्रयोग करून ठरवलेली. एकाचे औषध दुसऱ्याचे विष ठरते. तेव्हा ‘हँडल वर करा’ ही आमची घोषणा नाही. आमची मागणी ही, की उंची ठरवताना ज्याची कंबर त्याचे मत.

आणि आता जी गोष्ट सांगतो, ती ऐकून आम्हांला स्वतःला समाधान वाटले. वाऱ्याच्या बोगद्यात मोजमाप करणाऱ्यांना आढळले, की खालच्या वळणावर हात सरळ ताठ ठेवून बसण्यापेक्षा ब्रेकच्या मुठी धरून कोपरे काटकोनात वाकवून हात आडवे ठेवले तर वारा कमी लागतो. म्हणजे हँडल पाताळात नेऊन आणि मग हात ताठ ठेवून बसणारा कित्येकदा दुखणे घेत होता आणि वेगही गमावत होता. हँडल थोडे वर ठेवले तरी कोपरे वाकवून छाती तितकीच खाली जाते. क्रँक आखूड केली की पायडल वर येते तेव्हा मांडी कमी दुमडते, जांघेला उसंत मिळते. तादेय पोगाचारने क्रँक १७२.५ वरून १६५ मिलिमीटरवर आणली, आणि त्याच्या जिंकण्यात काही खंड पडला नाही. आमच्या चळवळीचा अनुभव हाच आहे. कामगाराच्या अंगाला सोय दिली की उत्पादन बुडेल असे जे सांगितले जाते, ते पुष्कळदा कोणी मोजून पाहिलेले नसते.

आता शेवटी आपल्या दाराशी येऊ. रविवारी पहाटे पुण्या-मुंबईच्या बाहेरच्या रस्त्यांवर शर्यतीच्या सायकली घेतलेले शेकडो लोक दिसतात. चांगली गोष्ट आहे. पण त्यांतला चाळिशीतला, आठवडाभर खुर्चीत बसणारा गृहस्थ जेव्हा टूर द फ्रान्सच्या विजेत्याचीच सायकल तशाच उतारासह घेतो, तेव्हा तो विजेत्याचा वेग विकत घेत नाही. त्याची कंबरदुखी विकत घेतो, आणि तीही विजेत्याच्या वैद्याशिवाय. ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ या अमेरिका ओलांडणाऱ्या शर्यतीत १९८३ साली मायकेल शर्मर या स्पर्धकाची मान इतकी थकली की डोके वर धरवेना. त्या दुखण्याला आजही त्याचे नाव आहे. खाली वाकून समोर पाहायचे, म्हणजे डोक्याचा सारा भार मानेच्या मागच्या स्नायूंनी झेलायचा. तीच शर्यत नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली जोडीने, आणि नागपूरच्या अमित समर्थ यांनी २०१७ साली एकट्याने पुरी केली. हे तिघेही डॉक्टर, आणि एवढा लांबचा पल्ला निव्वळ ऐटीवर कापता येत नाही, हे त्यांना सांगावे लागले नसणार.

म्हणून जाताजाता तीन साध्या गोष्टी. एक, सायकल घेणाऱ्याने आधी स्वतःचे माप द्यावे आणि मग सायकलीचे विचारावे. हँडल सीटच्या बरोबरीने ठेवून आरंभ करावा, आणि देह तयार होईल तसे, हवे तरच, खाली न्यावे. दोन, हात बधिर होणे, मान धरणे, पाय मुंगावणे ही शौर्याची पदके नव्हेत. ती तक्रार आहे, आणि तक्रार नोंदवायची असते. तीन, शर्यती भरवणाऱ्यांनी आणि नियम करणाऱ्यांनी यंत्राबरोबर माणूसही मोजावा, आणि मोजताना ज्याला मोजायचे त्याला खोलीबाहेर बसवू नये.

त्या कारखान्यातल्या बायकांना फळ्या मिळाल्या की नाही, असे आपल्यापैकी कोणाच्या मनात आले असेल. मिळाल्या. दीड वर्ष लागले. फळ्या टाकल्यावर नग कमी झाले नाहीत. पण आमच्या मनात राहिली आहे ती त्यांतल्या एका बाईची गोष्ट. ती सगळ्यांत उंच होती. फळीने उलट तिची कंबर धरू लागली. तिने सरळ फळी काढून भिंतीला उभी केली आणि मुकादमाला सांगितले, माझ्या उंचीला ही नको. मुकादमाला ते पटले नाही, कारण फळी आता नियमात होती. तेव्हा आम्हांला पुन्हा एकदा व्यवस्थापनाकडे जावे लागले, या वेळी फळी नको म्हणून.